खोल्यांचं भाडं हातात राहतं किती? लाइटबिल आणि गॅसचा हिशोब



चाकण, रांजणगाव, वाळूज, सिन्नर अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या गावांत आपल्या कितीतरी ताईंनी घरामागे दोन-तीन खोल्या बांधून भाड्याने दिल्या आहेत. तालुक्याच्या गावी कॉलेजच्या मुलींना खोली देणाऱ्या ताईही आहेत. शेळ्या, शिलाई, पापड यांच्यासारखाच हा एक व्यवसाय आहे. कोणी त्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं, कोणी बँकेचं. पण शेळीच्या चाऱ्याचा खर्च आपण वहीत लिहितो, खोल्यांच्या लाइटबिलाचा लिहीत नाही. वर्षअखेरीला मग प्रश्न पडतो, भाडं तर दर महिन्याला आलं, पैसा गेला कुठे?

या महिन्याचा पाठ त्यासाठी आहे. वही आणि घरचं शेवटचं लाइटबिल जवळ घेऊन बसा.

आधी एक हिशोब बघू

समजा, एका ताईच्या तीन खोल्या आहेत. प्रत्येकीचं भाडं २,५०० रुपये, लाइटबिलासकट. महिन्याला ७,५०० रुपये येतात. कर्जाचा हप्ता ५,००० रुपये. ताईला वाटतं, २,५०० रुपये सुटले.

आता मीटर घरासकट एकच आहे. महिन्याला ३२० युनिट पडतात. त्यातले १०० ताईच्या घराचे आणि २२० तीन खोल्यांचे. सगळे आकार धरून बिल आलं ३,५२० रुपये. ३,५२० भागिले ३२०, म्हणजे एक युनिट ११ रुपयांना पडलं. खोल्यांच्या २२० युनिटचे झाले २,४२० रुपये.

२,५०० मधून २,४२० गेले. ताईच्या हातात उरले ८० रुपये. खोल्यांची घरपट्टी, नळाची दुरुस्ती, रंगाचा डबा, एखादा महिना रिकामी राहिलेली खोली हे सगळं त्या ८० रुपयांत बसवायचं. म्हणून भाडं ठरवण्याआधी युनिट मोजायला शिकलं पाहिजे.

युनिट म्हणजे काय?

१,००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. उपकरणावर किंवा खोक्यावर वॅट लिहिलेले असतात. एक युनिट कशात किती वेळात जातं ते बघा:

• ९ वॅटचा एलईडी बल्ब: सुमारे १११ तास
• ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब: साधारण १६ ते १७ तास
• ७५ वॅटचा जुना पंखा: साधारण १३ तास
• ३० वॅटचा नवा बीएलडीसी पंखा: साधारण ३३ तास
• १,००० वॅटची इस्त्री: गरम होत असतानाचा एक तास
• १,५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड: ४० मिनिटं
• २,००० वॅटची कॉइलची शेगडी: अर्धा तास

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. खोलीतला दिवा रात्रभर राहिला म्हणून आपण भाडेकरूला बोलतो. नऊ वॅटचा बल्ब दहा तास जळला तरी युनिटचा दहावा हिस्सासुद्धा होत नाही. कॉइलच्या शेगडीवर रोज दीड तास स्वयंपाक झाला, तर रोजचे ३ आणि महिन्याचे ९० युनिट होतात. बिल वाढतं ते उष्णतेच्या उपकरणांनी. लक्ष तिथे ठेवा.

पंख्याचंही बघा. जुना पंखा रोज १० तास चालला तर महिन्याला २२.५ युनिट, बीएलडीसी चालला तर ९ युनिट. एका खोलीत महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात. जुना पंखा बिघडला की रिवाइंडिंगला देण्याआधी हा हिशोब करा.

बिलाची पायरी समजून घ्या

महावितरणच्या घरगुती बिलात पायऱ्या असतात: पहिले १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे. वरच्या पायरीवर दर जास्त. काही जणींना वाटतं, १०१ वं युनिट पडलं की सगळ्याच युनिटला वाढीव दर लागतो. तसं नाही. पहिल्या १०० ला पहिलाच दर राहतो, पुढच्या युनिटांना पुढचा. याशिवाय बिलात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असतं.

दर बदलत असतात, ते आपल्या ताज्या बिलावर बघायचे. इथे फक्त समजण्यासाठी सोपे आकडे धरू: पहिली पायरी ५ रुपये, दुसरी १०, तिसरी १५.

घर आणि तीन खोल्या एकाच मीटरवर, ३२० युनिट:
१०० × ५ = ५००
२०० × १० = २,०००
२० × १५ = ३००
एकूण २,८०० रुपये

आता घराचे १०० युनिट आणि खोल्यांचे ६०, ९० आणि ७०, प्रत्येकाचं मीटर वेगळं असतं तर? सगळे पहिल्याच पायरीवर राहिले असते. ३२० × ५ = १,६०० रुपये. फरक १,२०० रुपयांचा. वीज तेवढीच जळली, माणसंही तीच. सगळ्यांचे युनिट एका मीटरवर गोळा झाले म्हणून वरची पायरी लागली.

वेगळ्या मीटरला स्थिर आकारही वेगळा लागतो हे विसरू नका. तो महिन्याला १३० रुपये धरला तर तीन जादा मीटरचे ३९० रुपये. तरीही ८१० रुपये वाचतात. पण खोल्यांत १५-२० युनिटच जळत असतील, किंवा खोली वर्षातले चार महिने रिकामी राहत असेल, तर हा फायदा उरत नाही, कारण रिकाम्या खोलीचाही स्थिर आकार भरावा लागतो. म्हणून आपले आकडे घालूनच ठरवा.

बिल वसूल करायच्या चार पद्धती

१. भाड्यातच धरणं. बोलायला सोपं, पण बिलाचा सगळा धोका आपल्यावर. भाडेकरूला बटण बंद करायचं कारणच राहत नाही. हीच पद्धत ठेवायची असेल तर हद्द घाला: "महिन्याला ४० युनिट भाड्यात, पुढचे मीटरप्रमाणे."

२. डोक्यावर किंवा खोलीवर सारखं वाटणं. यात भांडण ठरलेलं. एक बाई दिवसभर कंपनीत असते, दुसऱ्या खोलीत टीव्ही, फ्रिज आणि चार माणसं. दोघांना सारखेच पैसे कसे मागायचे?

३. सब-मीटर. प्रत्येक खोलीला आपल्या खर्चाने छोटं मीटर बसवायचं आणि मुख्य बिल युनिटप्रमाणे वाटायचं. बिल ३,५२० आणि युनिट ३२० असतील तर दर ११ रुपये. ६० युनिटवाल्या खोलीचे ६६०, ९० वाल्या खोलीचे ९९०, ७० वाल्या खोलीचे ७७० आणि आपले १,१००. बेरीज बरोबर ३,५२०.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे समजून घेतली पाहिजे. ६० युनिट वापरणारी भाडेकरू म्हणेल, "माझं एकटीचं मीटर असतं तर मला इतका दर पडला नसता." तिचं म्हणणं खरं आहे. तिला बिल दाखवा आणि दर कसा निघाला ते समजावून सांगा. मूळ बिलापेक्षा एक रुपयाही जास्त घेऊ नका. वीज विकायला कायद्याने परवाना लागतो. आपण वीज विकत नाही, आलेला खर्च वाटून घेतो, आणि वाटणी दिसली पाहिजे.

४. खोलीला महावितरणचं वेगळं मीटर. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघांपैकी कोणीही जोडणीसाठी अर्ज करू शकतो. एकाच घरात दुसरं मीटर मागताना खोली खरोखर स्वतंत्र आहे का, वायरिंग वेगळी आहे का, हे तपासलं जातं. कागद काय लागतील ते आपल्या शाखा कार्यालयात विचारून मगच खर्च करा. शक्यतो मीटर आपल्या नावावर ठेवा. भाडेकरू बिल थकवून गेली, तर त्या जागेवरची थकबाकी निस्तरताना त्रास आपल्यालाच होतो.

दोन-तीन खोल्या नेहमी भरलेल्या असतील तर चौथी पद्धत बघा. येणं-जाणं जास्त असेल तर तिसरी बरी. मधला मार्गही आहे: घराचं एक मीटर आणि सगळ्या खोल्यांचं मिळून एक मीटर, त्याखाली सब-मीटर.

सब-मीटर लावल्यावर पाळायच्या गोष्टी

• महावितरणचं रीडिंग ज्या दिवशी होतं, त्याच दिवशी सब-मीटरचं रीडिंग घ्या. तारखा वेगळ्या झाल्या की बेरीज जुळत नाही.
• रीडिंग घेताना भाडेकरूला बोलवा. मोबाइलमध्ये फोटो काढा, वहीत दोघींची सही घ्या.
• पाण्याची मोटर, जिन्यातला दिवा सामायिक असतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. अशी मोटर तासाला पाऊण ते एक युनिट घेते. ती रोज एक तास चालत असेल तर महिन्याचे २५-३० युनिट कोणी भरायचे ते आधीच ठरवा.
• खोली देताना आणि सोडताना रीडिंग लिहा. अनामत रकमेतून शेवटचं बिल कापायचं, हे करारातच घाला.
• बिल वाढल्यासारखं वाटलं तर घर आणि सगळ्या खोल्यांतली बटणं बंद करा, फ्रिजचीही पिन काढा. मग मुख्य मीटरवरचा लाल दिवा बघा. तरीही तो लुकलुकत असेल तर वीज कुठेतरी जाते आहे. वायरमनला दाखवा.

मीटरचा दरवाजा बंद असला किंवा रीडिंग मिळालं नाही, तर सरासरीचं बिल येतं. पुढच्या महिन्यात सगळे युनिट एकदम येतात. तोपर्यंत भाडेकरू बदललेली असेल तर तिचे पैसे आपल्या गळ्यात. म्हणून मीटर बाहेरून दिसेल असं ठेवा आणि दर महिन्याला बिलावरचं चालू रीडिंग प्रत्यक्ष मीटरशी ताडून बघा. चूक दिसली तर १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहा. बिल मुदतीत भरा. लवकर भरल्याची सूट आणि उशिराचा दंड, दोन्ही आकडे बिलावरच छापलेले असतात.

हे मात्र करू नका

शेतीपंपाच्या जोडणीवरून खोल्यांना वायर ओढणं काही ठिकाणी सर्रास दिसतं. ज्या कामासाठी जोडणी दिली त्याऐवजी दुसऱ्या कामाला वीज वापरली, तर कलम १२६ लागतं आणि लागू दराच्या दुपटीने आकारणी होते. कधीपासून वापर चालू होता ते कळलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची धरतात. आकडा टाकणं किंवा मीटरशी खेळणं ही कलम १३५ खाली चोरी. दोनशे रुपये वाचवायला जाऊन सगळ्या खोल्यांचं वर्षाचं भाडं जाईल.

भाडं थकलं म्हणून रागाने खोलीची लाइट तोडू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ नुसार, पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचं वीज-पाणी तोडता येत नाही. थकबाकीसाठी अनामत रक्कम आणि लेखी करार हवा. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे.

गॅसचं काय?

भाडेकरू नवीन आली की पहिला प्रश्न असतो, "ताई, गॅसची टाकी मिळेल का?" माया येते. पण आपल्या नावावरची घरगुती टाकी दुसऱ्या घराला देणं नियमात बसत नाही. एका घराला एक जोडणी, आणि ती नोंदवलेल्या पत्त्यासाठी. दुसरीकडे अपघात झाला तर विम्याच्या दाव्याला अडचण येते, आणि विचारणा होते ती टाकी ज्याच्या नावावर त्यालाच.

मग भाडेकरूने काय करायचं?

• ५ किलोची छोटी टाकी. ती एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर ओळखपत्रावर मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. किलोमागे दर घरगुती टाकीपेक्षा जास्त पडतो, पण चार-सहा महिन्यांसाठी आलेल्या माणसाला सोयीची.
• स्वतःची १४.२ किलोची जोडणी. वर्षभर राहणाऱ्या कुटुंबाला हीच परवडते. आपला भाडेकरार तिला पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो.
• उज्ज्वला. गरीब कुटुंबातली प्रौढ बाई, आणि घरात दुसरी जोडणी नसेल, तर उज्ज्वला योजनेत अर्ज करता येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना रेशनकार्ड आणि पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालतं. सध्या नवीन जोडण्या देत आहेत का ते एजन्सीत विचारा.

मोठ्या टाकीतून बाजारातल्या लहान टाकीत गॅस भरून देणाऱ्याकडे कोणालाही जाऊ देऊ नका. त्या भरण्यातच स्फोट होतात. आपल्या खोलीत अशी टाकी चालणार नाही, असं पहिल्याच दिवशी सांगा.

गॅस किती जळतो ते मोजा

नवीन टाकी लावली की तारीख लिहा. टाकी ३५ दिवस गेली तर रोजचा गॅस साधारण ४०५ ग्रॅम, ४५ दिवस गेली तर ३१५ ग्रॅम. टाकी ९०० रुपयांची धरली तर पहिल्या घरात रोजचे सुमारे २६ रुपये, दुसऱ्यात २०. डाळ-तांदूळ भिजवून शिजवणं, कुकर वापरणं, उकळी आली की आच कमी करणं, भांड्यावर झाकण ठेवणं हे आपल्याला नवं नाही. ज्योत पिवळी दिसली तर बर्नर साफ करून घ्या. भांड्याचं बूड काळं होत असेल तर गॅस पूर्ण जळत नाही असं समजा.

टाकी घेताना वजन करून घ्या. टाकीच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. त्यात १४.२ मिळवले की भरलेल्या टाकीचं वजन. त्याच पट्टीवर तपासणीची मुदत असते: 'ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, 'बी' एप्रिल ते जून, 'सी' जुलै ते सप्टेंबर, 'डी' ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्षाचे आकडे. मुदत उलटलेली टाकी परत करा.

अंघोळीचं पाणी: गॅसवर की रॉडवर?

२० लिटरची बादली गार पाण्यापासून अंघोळीपुरती तापवायला रॉडवर साधारण ०.६ युनिट लागतं, गॅसवर साधारण ७५ ग्रॅम गॅस. टाकी ९०० रुपयांची धरली तर गॅसवर बादली पावणेपाच रुपयांना पडते. रॉडवर किती? युनिट ५ रुपयांना पडत असेल तर ३ रुपये, ११ रुपयांना पडत असेल तर ६ रुपये ६० पैसे. म्हणजे पहिल्या पायरीवरच्या घराला रॉड स्वस्त आणि वरच्या पायरीवर गेलेल्याला गॅस. शेजारणीला परवडतं ते आपल्याला परवडेलच असं नाही. आपल्या बिलाच्या दराने हिशोब करा. रॉड मात्र नीट अर्थिंग असलेल्या पिनलाच लावायचा, आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही.

छप्पर आपलं असेल आणि युनिट कायम वरच्या पायरीवर जात असतील, तर पीएम सूर्यघर योजनेचीही चौकशी करा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा जास्तीला ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे. एक किलोवॅटवर महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट तयार होतात. ज्यांचं बिल आधीच पहिल्या पायरीवर आहे, त्यांनी कर्ज काढून घाई करू नये.

लहान खोलीत गॅस: सुरक्षिततेच्या पाच गोष्टी

१. टाकी उभी, शेगडी टाकीपेक्षा उंचावर.
२. नळी शिक्का असलेली सुरक्षा नळीच घ्या, पाच वर्षांनी बदला.
३. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. खोलीला खालच्या बाजूने हवा जायला जागा ठेवा.
४. झोपताना रेग्युलेटर बंद.
५. वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद दोन्ही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दार-खिडकी उघडा, माणसं बाहेर काढा आणि बाहेरून १९०६ ला फोन करा.

या पाच गोष्टी कागदावर लिहून प्रत्येक खोलीत चिकटवा. भाडेकरू दुसऱ्या राज्यातली असेल तर तिच्या भाषेत कोणाकडून तरी लिहून घ्या.

पुढच्या बैठकीसाठी अभ्यास

खोल्या असलेल्या ताईंनी शेवटचं लाइटबिल घेऊन यायचं आहे. ज्यांच्या खोल्या नाहीत, त्यांनीही आपलं बिल आणा, युनिटचा दर सगळ्यांनाच उपयोगी. दोघी-दोघींच्या जोड्या करून वहीत पाच ओळी लिहा:

१. महिन्याचं एकूण भाडं
२. कर्जाचा हप्ता
३. एकूण बिल भागिले एकूण युनिट, म्हणजे आपला खरा दर
४. खोल्यांचे युनिट गुणिले तो दर
५. भाड्यातून हप्ता आणि खोल्यांची वीज वजा करून उरलेली रक्कम

ज्यांची वीज भाड्यातच धरलेली आहे त्यांनी पाचव्या ओळीकडे नीट बघा. रक्कम हजाराच्या आत असेल तर भाडं कसं ठरवायचं यावर गटात बोला. चालू भाडेकरूवर एकदम बोजा टाकू नका, तिला महिनाभर आधी कल्पना द्या. पोटासाठी ती गाव सोडून आलेली असते. हिशोब उघडा असला की ती वर्षानुवर्षं टिकते, आणि खोली रिकामी राहत नाही.

नवीन खोल्यांसाठी गटाकडे कर्ज मागणाऱ्या ताईच्या अर्जासोबतही याच पाच ओळी मागा. हप्ता भाड्यातून फिटणार की मजुरीतून, हे कर्ज देण्याआधीच सगळ्यांना दिसेल.